कागद लागत नाहीत, याचा कागद

आमच्या चौकात जिथे पूर्वी कॅसेटचं दुकान होतं आणि नंतर मोबाइल रिचार्जचं झालं, तिथे आता बॅटरीवर चालणाऱ्या दुचाक्या मिळतात. दुकानाच्या कपाळावर मोठा फ्लेक्स आहे : 'नो लायसन्स! नो रजिस्ट्रेशन! नो हेल्मेट! नो पेट्रोल!' इतके नकार एका जागी मी याआधी फक्त सोसायटीच्या लिफ्टशेजारच्या फलकावर वाचले होते. तो फलक वाचून माणूस चिडतो, हा वाचून खिशात हात घालतो. फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे फ्लेक्स दोरीला बांधताना हमखास दुमडला जातो तिथे, 'अटी लागू' असंही छापलेलं आहे.

त्या अटी कुठल्या, हे आजवर कुणा गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या नानांनी विचारलं. नाना ऑडिट खात्यातून निवृत्त झालेत. हॉटेलात मेन्यूकार्ड हातात आलं की ते आधी तळटीप वाचतात आणि मग, जमलं तर, पदार्थ. त्यांच्या लायसन्सची मुदत संपली होती. चाळिशी उलटलेल्या माणसाला नूतनीकरणासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि नानांचा डॉक्टरांवर विश्वास असला तरी सर्टिफिकेटांवर अजिबात नाही. आयुष्यभर त्यांनी तीच तपासली आहेत. तेव्हा लायसन्सच न लागणारी गाडी घ्यावी असा विचार करून ते दुकानात शिरले. मी सोबतीला. म्हणजे वाद फार वाढला तर त्यांना बाहेर काढायला.

"लायसन्सशिवाय गाडी चालते कशी?" नानांनी काउंटरवरच्या पोराला विचारलं.

"काका, ही गाडीच नाहीये."

"मग हे पुढ्यात काय उभं आहे?"

पोरानं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा नानांकडे. "म्हणजे गाडीच आहे. पण कायद्यात नाहीये."

नाना खूश झाले. त्या पोरानं अख्खा नियम दोन वाक्यांत सांगून टाकला होता. सरकारला त्यासाठी राजपत्राची पानं लागली.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यांच्या सुरुवातीलाच व्याख्या दिल्या आहेत, आणि त्यांत बॅटरीवर चालणारं वाहन म्हणजे काय हे सांगून झाल्यावर लगेच एक परंतुक जोडलंय. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत, ब्रेक धड, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक; एवढं सगळं असेल तर ते मोटार वाहन समजायचं नाही. मोटार वाहन नाही म्हटल्यावर मोटार वाहन कायद्याचा अख्खा डोलारा वरून निघून जातो. नोंदणी नाही, नंबर नाही, लायसन्स नाही, विम्याची सक्ती नाही, हेल्मेटचीही नाही. पॅडल मारायची इलेक्ट्रिक सायकल असेल तर तिच्यासाठी आणखी एक शिस्त आहे : वेग वाढत जाईल तशी मोटरनं मदत कमी करत न्यायची, २५ आले की पूर्ण थांबवायची, आणि स्वाराचे पाय थांबले तर त्याआधीच. मालक बसला तर नोकरानंही बसायचं, असा एकूण बेत आहे.

हेल्मेटची सक्ती नाही, हे वाचून पुण्यात काय होत असेल हे पुण्याबाहेरच्या वाचकाला सांगून कळणार नाही. ज्या गावानं हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे काढले, सभा घेतल्या आणि हेल्मेट घातल्यानं मान कशी दुखते याची चर्चा वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात वर्षानुवर्षं केली, त्या गावाला दिल्लीनं न मागता दिलेली ही सवलत आहे. नानांचं मत वेगळं. ते म्हणतात, डोकं मोटार वाहन कायद्याखाली येत नाही, ते डांबराखाली येतं. पण हे मत ते हलक्या आवाजात सांगतात. सदाशिव पेठेत राहायचं असतं.

"'पेक्षा कमी' लिहिलंय," नाना पोराला समजावू लागले. "पंचवीसपर्यंत असं नाही लिहिलेलं. म्हणजे काटा बरोब्बर पंचविसावर टेकला, की त्या क्षणी ही गाडी वाहन होते. तुमची किती जाते?"

"पंचवीस जाते, काका."

"मग संपलं."

"नाही नाही, चोवीस जाते. पॉइंट काहीतरी."

वॅटचा मामला याहून गमतीचा आहे. नियमात २५० वॅट म्हणजे 'तीस मिनिटांची ताकद' असं स्पष्ट म्हटलंय. मोटर अर्धा तास सलग सरासरी किती जोर लावू शकते ते बघायचं. चढावर दोन मिनिटांपुरती ती चारशे मारते की पाचशे, याच्याशी त्या आकड्याला कर्तव्य नाही. म्हणून दोन दुकानांतल्या दोन २५० वॅटच्या सायकली चांदणी चौकाच्या चढावर अगदी वेगळ्या वागतात, आणि दोघींचे दुकानदार खरं बोलत असतात. नानांना ही मोजणी फार पटली. "आमच्या खात्यात हाच नियम हवा होता," ते म्हणाले. "साहेब राउंडला आले की दोन मिनिटं सगळेच हजार वॅट. अर्ध्या तासानं मोजायला हवं होतं."

हे मोजणारी माणसं, पुणेकरांना ऐकून बरं वाटेल, आपल्याच टेकडीवर बसतात. मोटार वाहन नियमांत चाचणी करणाऱ्या ज्या अधिकृत संस्थांची यादी आहे, तीत १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे आणि ती वेताळ टेकडीवर आहे. कोथरूड-पाषाणची जनता पहाटे कानटोपी घालून ज्या 'एआरएआय टेकडी'वर चढते आणि वर बसून रक्तातली साखर आणि देशाचं राजकारण या दोन्हींचे आकडे मांडते, त्या टेकडीला हे नाव या संस्थेमुळेच पडलं. यादीतली आणखी एक संस्था भोसरीला आहे. कुठलं मॉडेल वाहन आहे आणि कुठलं नाही, याचा निवाडा अशा संस्थांनी द्यायचा. परंतुकात ती मेख आहे. नुसतं हळू चालून भागत नाही. मोटर कमजोर आहे, वेग कमी आहे, हे अधिकृत संस्थेनं तपासून लिहून दिलेलं असावं लागतं. तसं लिहून दिलेलं नसेल तर ती दुचाकी कितीही गरीब दिसो, बैलगाडीनं तिला मागे टाको, ती मोटार वाहनच.

म्हणजे कागद लागत नाहीत, याचा कागद लागतो.

नानांनी तो मागितला. "आहे ना काका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो." आला. नानांनी चष्मा बदलला. प्रमाणपत्रावर मॉडेलचं एक नाव होतं, गाडीवर दुसरंच.

"तेच आहे काका. फक्त कलर वेगळा."

"रंग बदलला की नाव बदलतं?"

"कंपनीचं असतं तसं."

माझा निवाडा असा की फ्लेक्सवरचे पहिले तीन 'नो' या एका कागदावर टांगलेले असतात, आणि दुकानात शिरणाऱ्यांपैकी नव्वद टक्के माणसं मायलेज विचारतात, रंग विचारतात, मोबाइल चार्जिंगचं सॉकेट आहे का विचारतात आणि हप्ता किती ते विचारून बाहेर पडतात. तो कागद कुणी मागत नाही. नव्वद हा आकडा माझ्या मनाचा आहे, नानांनी तपासलेला नाही.

आता पॅडलचा घोळ. बहुतेकांचा समज असा की पॅडल असलं की सायकल आणि नसलं की गाडी. कायद्याला तसं वाटत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेलाय. किनेटिकची लूना १९७२ साली आली. तिला पॅडल होतं. पॅडल मारून ती सुरू व्हायची, चढावर पॅडल मारून तिला आधार द्यायला लागायचा, आणि पेट्रोल संपलं की जावयानं सासुरवाडीच्या समोरून पॅडल मारत पंपापर्यंत जायचं, ही त्या काळातली मानहानी ठरलेली. तरी तिला नंबर होता, तिला लायसन्स लागायचं. आणि दुकानात आमच्या समोर उभी होती तिला पॅडल नव्हतं. हेडलाइट होता, दोन आरसे होते, दोघांची ऐसपैस सीट होती, पुढे भाजीच्या पिशवीसाठी हूक होता, आणि ती कायद्यानं कुणीच नव्हती. २०२४च्या फेब्रुवारीत लूना विजेवर परत आली, पण ती ताशी पन्नासच्या घरात पळते. म्हणून तिला हिरवी पाटी, पांढरे आकडे, लायसन्स, हेल्मेट, सगळं आलं. हिरवी पाटी २०१८ पासून सगळ्या नोंदणीकृत विजेच्या गाड्यांना लागते. खासगी असेल तर आकडे पांढरे, भाड्याची असेल तर पिवळे. दिसण्यावर काही नाही. गाडी काय करू शकते, एवढंच कायदा बघतो. आपण मात्र गाड्याही स्थळं बघावीत तशा बघतो : उंच आहे, गोरी आहे, आरसे आहेत, म्हणजे स्कूटर.

सरकारचंही या हळू गाडीवर प्रेम बेताचंच. विजेच्या वाहनांना अनुदान देणारी 'फेम'ची दुसरी योजना २०१९ मध्ये आली, तेव्हा दुचाकीला अनुदान हवं तर तिचा कमाल वेग किमान ताशी ४० हवा, अशी अट होती. म्हणजे एक खातं म्हणतं पंचविसाच्या आत राहा, तुला काही विचारणार नाही. दुसरं खातं म्हणायचं चाळिसाच्या वर जा, तुला पैसे देतो. मध्ये तिसाला जी गाडी सापडायची तिला पहिलंही खातं विचारायचं आणि दुसरंही देत नव्हतं. नाना म्हणाले, हे तर थेट मध्यमवर्गाचं वर्णन झालं.

ज्यांना वाटतं की साध्या सायकलीला पूर्वी काही कागद लागत नव्हता, त्यांनी नानांशी बोलावं. त्यांच्या लहानपणी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. वर्षाचा कर भरला की पत्र्याचा एक तुकडा मिळायचा, तो सायकलला अडकवायचा. बिल्ला नसेल तर सायकल जप्त. रात्री दिवा लागायचा. दिवा नसला की पोलीस धरायचा, डबलसीट असलं की धरायचा, आणि दिवा नसून डबलसीट असलं की तो धन्य व्हायचा. दिवा तेलाचा. पोलिसानं अडवलं की स्वार म्हणायचा, "आत्ताच विझला हो वाऱ्यानं." मग पोलीस शांतपणे हात पुढे करून दिव्याच्या काचेला लावायचा. काच गरम असेल तर सोडायचा. वॅटमीटर नाही, प्रयोगशाळा नाही, टेकडी नाही. नाना सांगतात, त्यांचे काका चौक आला की दिव्यावर तोंडानं वाफ धरायचे.

म्हणजे पायांनी चालणाऱ्या सायकलला तेव्हा जेवढी सरकारी बंधनं होती, तेवढीही आज मोटरनं चालणाऱ्या या गाडीला नाहीत. इतकं सुख हाती आल्यावर माणसानं काय करावं? पंचविसाच्या आत गुपचूप चालवावं. पण सुख पचायला वेगळी प्रकृती लागते.

गाडी घरी आल्यावर आठवडाभर माणूस कौतुकात असतो. मग एक दिवस टिळक रोडवर एक साधी सायकल, तीही शाळेचं दप्तर पाठीला लावलेला पोरगा चालवत असलेली, त्याच्या डाव्या बाजूनं पुढे निघून जाते. त्या संध्याकाळी तो गॅरेजवर जातो. गॅरेजवाल्याला पुढचं सांगावं लागत नाही. तो सीट उचलतो, खालचा कंट्रोलर ओढून काढतो, तारांच्या जुडग्यातून एक बारीक वायर बोटांवर घेतो. बऱ्याच कंट्रोलरना वेगाची मर्यादा एका जोडलेल्या वायरीनं घातलेली असते, आणि ती बहुतेकदा पांढरी असते. "ही," तो म्हणतो. "ही सोडवली की पाखरू."

चिमट्याचा एक 'टक्'. काम झालं. पैसे किती, तर "द्या काका चहापाण्याला."

हीच गोष्ट मी नानांना सांगितली तेव्हा ते कॅल्क्युलेटर घेऊन आले. वायर सुटली की वेग पंचविसाच्या वर, म्हणजे ती गाडी त्या 'टक्' बरोबर मोटार वाहन झाली. मोटार वाहन विनानोंदणी चालवलं : पाच हजारांपर्यंत. विनालायसन्स : पाच हजार. विमा नाही : दोन हजार. हेल्मेट नाही : एक हजार. आणि गाडीत बेकायदा बदल केला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर : पाच हजारांपर्यंत, नाहीतर सहा महिने आत. "अठरा हजार," नाना म्हणाले. "एका वायरीला. तुरुंगवास वेगळा, तो यात धरलेला नाही." विकणाऱ्यानंच नियम मोडून गाडी विकली असेल तर त्याला दर गाडीमागे एक लाख. चहापाण्याचा हिशेब नानांनी समासात लिहून ठेवला.

गंमत बाजूला ठेवून सांगायची गोष्ट अशी की खरी मेख दंडात नाही, विम्यात आहे. मोटार वाहनानं कुणाला धडक दिली तर तिसऱ्या पक्षाचा विमा असतो, नुकसानभरपाईसाठी दावा न्यायाधिकरण असतं. वाहन नसलेल्या वाहनानं एखाद्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं, तर मागे उभी राहायला विमा कंपनी नाही. आणि वायर सोडवलेली असेल, तर वाहन आहे पण विमा नाही. तेव्हा खुब्याचा खर्च थेट आपल्या घरातून. हे दुकानातलं पोरगं सांगत नाही, गॅरेजवालाही सांगत नाही. फ्लेक्सवर पाचवा 'नो' छापायला जागा होती.

२०२२ च्या उन्हाळ्यात राज्याच्या परिवहन खात्याला या पाखरांची खबर लागली. त्या वर्षी देशभर विजेच्या दुचाक्या पेटल्याच्या बातम्या येत होत्या. पुण्यातल्या एका जळत्या स्कूटरची चित्रफीत तर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. खात्यानं मे महिन्यात आरटीओंना कळवलं की परवानगीशिवाय ताकद आणि वेग वाढवलेल्या ई-बाईकवर कारवाई करा. केंद्रानं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. कारवाईला कोण निघालं, तर आरटीओचं भरारी पथक. महाराष्ट्रात त्याचं नाव 'वायुवेग पथक'. मुळात ताशी चोवीस किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीच्या मागे वायुवेग पथक लावावं, हा अतिशयोक्ती अलंकार शासनाला नकळत साधला.

रस्त्यावरच्या हवालदाराची अवस्था मात्र कुणी लक्षात घेत नाही. त्याच्या हातात ई-चलानचं मशीन असतं आणि त्या मशीनला गाडीचा नंबर लागतो. चौकातल्या कॅमेऱ्यालाही नंबरच लागतो. आणि समोरून येते ती बिननंबरी. तिच्यावर मागे हातभर चौकोनी डबा लावलेला, डब्यात कुणाची तरी बिर्याणी. तो पोरगा झेब्रा क्रॉसिंगवर येऊन थांबतो. हवालदार पुढे येतो.

"नंबर कुठंय?"

"साहेब, याला नसतो."

"लायसन्स?"

"याला लागत नाही."

"मग तुला रे काय लागतं?"

पोरगा मोबाइलमध्ये प्रमाणपत्राचा फोटो शोधू लागतो. तेवढ्यात ऑर्डरवाल्याचा फोन येतो. हवालदार गाडीभोवती एक फेरी मारतो. त्याला वॅट दिसत नाहीत. ते कुणालाच दिसत नाहीत. सीटखाली वायर जोडलेली आहे की सोडवलेली, हे बघायला सीट उघडावी लागेल, आणि सीटच्या किल्ल्या पोराच्या मित्राकडे आहेत. मागून पीएमटीचा हॉर्न. हवालदार हात हलवतो : जा. तेलाच्या दिव्याची काच बरी होती.

नंबर नाही म्हणजे आपल्याला कुठलाच कायदा नाही, असा एक समज याच्यातूनच पसरलाय. उलट्या दिशेनं यायचं, पदपथावरून काढायची, कारण 'ही गाडी नाहीये'. त्यांनी भारतीय न्याय संहितेचं २८१ वं कलम वाचावं. पूर्वी हे भारतीय दंड संहितेत २७९ होतं. सार्वजनिक रस्त्यावर निष्काळजीपणे, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं कुठलंही वाहन हाकलं किंवा स्वारी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे वॅट नाही, परंतुक नाही, टेकडी नाही. स्वारी घोड्यावरची असली तरी चालते. मोटार वाहन कायद्यातून निसटलेला माणूस त्या कलमात घोड्याशेजारी उभा असतो.

सायकल ट्रॅकवरून न्यावी तर तीही सोय पुण्यात बिकट. २००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेच्या सुमारास शहरात सायकल मार्ग आखले गेले. त्यांतल्या काहींवर आज मोटारी उभ्या असतात, काहींवर वडापाव, आणि एका ठिकाणी विजेचा खांब. तो आधी होता की मार्ग आधी होता यावर दोन खात्यांचं एकमत नाही. जर्मनीत याबाबत फार कडक असतात. आमच्या नानांची भाची म्युनिकला असते. तिकडेही तेच दोन आकडे, २५० वॅट आणि ताशी २५. त्याच्या आतली इलेक्ट्रिक सायकल कायद्यानं सायकल. पण ४५ पर्यंत मदत करणारी सायकल घेतली की विम्याची छोटी पाटी, हेल्मेट, लायसन्स लागतं, आणि तिला सायकल मार्गावर यायची बंदी. भाचीनं ती ४५ वाली घेतली आहे. ती मुकाट्यानं मोटारींच्या रस्त्यावरून जाते, बाजूचा सायकल मार्ग रिकामा असला तरी. आपल्याकडे असला माणूस दिसला तर लोक थांबून चौकशी करतील, काही दुखतंय का.

सोसायटीतल्या तरुण पिढीनं कायद्याचा अभ्यास आमच्याहून खोल केलाय. तळमजल्यावरचा चिन्मय सोळा पूर्ण आहे. त्याला ऐंशीनं पळणारी इलेक्ट्रिक स्कूटर हवी. त्याचा युक्तिवाद असा : मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते. इलेक्ट्रिक स्कूटरला इंजिन नाही, म्हणजे सीसी शून्य. शून्य हे पन्नासपेक्षा कमी आहे.

चिन्मयचे वडील गणितात कच्चे. त्यांना हे पटत चाललं होतं. नानांना बोलावणं गेलं. नाना म्हणाले, युक्तिवाद सुंदर आहे, न्यायालयात ऐकायला मजा येईल, पण त्याआधी १९९-अ वाचा. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

"कैद कुणाला?" वडिलांनी विचारलं.

"पालकाला किंवा मालकाला. तुम्ही दोन्ही आहात."

चिन्मय सध्या पीएमटीनं जातो.

नियमांचं आणखी एक पीक ई-बाईक टॅक्सीचं आहे. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये बाईक टॅक्सीला परवानगी दिली, पण अट घातली की गाडी विजेचीच हवी. लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांत, एका फेरीला पंधरा किलोमीटरपर्यंत. भाडं ठरलं : पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १० रुपये २७ पैसे. नाना त्या सत्तावीस पैशांवर लुब्ध आहेत. पाच पैसे, दहा पैसे चलनातून जाऊन किती वर्षं झाली, पंचवीस पैसेही २०११ मध्ये गेले. तरी कुणीतरी बसून दहा रुपयांच्या पुढे सत्तावीस काढले, अठ्ठावीस होऊ दिले नाहीत. "याला म्हणतात खातं," ते म्हणाले. ही टॅक्सी मोटार वाहन आहे, तिला लायसन्स आहे, परवाना आहे, पाटी आहे. तेव्हा घरच्या बिनकागदाच्या २५ वाल्या गाडीवर शेजाऱ्याला स्टेशनला सोडून त्याच्याकडून चाळीस रुपये घ्यायचा विचार कुणी करत असेल तर त्यानं आधी आमच्या नानांना भेटावं.

नानांनी शेवटी स्कूटर घेतली नाही. दुसऱ्या दुकानातून पॅडलवाली इलेक्ट्रिक सायकल घेतली, निळी. प्रमाणपत्रावरचं आणि सायकलवरचं नाव अक्षरशः एक आहे. तपासायला ते भिंग घेऊन गेले होते. प्रमाणपत्राची रंगीत झेरॉक्स लॅमिनेट करून त्यांनी सीटखालच्या पिशवीत ठेवली. हेल्मेट घालतात. उतारावर, जिथे मोटर बंद असते आणि गुरुत्वाकर्षण सायकलला तिसाच्या वर नेतं, तिथे ते ब्रेक दाबून चोवीसवर आणतात. मी त्यांना म्हटलं, गुरुत्वाकर्षणाला हा नियम लागू नाही, मोटरला आहे. ते म्हणाले, सवय वाईट.

परवा आम्ही मंडईजवळच्या वाहनतळावर गेलो. पाटीवर दर लिहिलेले : सायकल मोफत, दुचाकी दहा रुपये. पावतीपुस्तकवाल्या पोरानं बॅटरीकडे बोट दाखवून दहा मागितले. नानांनी लॅमिनेशन काढलं आणि परंतुक वाचून दाखवलं, मोठ्यानं, उपकलमांसह. मागे सहा स्कूटर थांबल्या होत्या.

"काका, सायकल असली तर तिकडं लावा, कुंपणापाशी. तिकडं गेली तर आपली जबाबदारी नाही. इकडं लावली तर दहा."

नानांनी कुंपणाकडे बघितलं. तिथे एक साखळी लोंबत होती, सायकलशिवाय. त्यांनी दहाची नोट काढली.

पोरानं पावती फाडायला घेतली. वाहन क्रमांकाच्या रकान्यावर पेन टेकवून तो थांबला. "नंबर?"

"नाही. कायद्यानं नाही."

पोरानं मागच्या रांगेकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि रकान्यात 'निळे काका' असं लिहून पावती त्यांच्या हातात दिली.